फायकॉल-पाक: चौदा वर्षं हाताखाली असलेल्या बाटलीबद्दल

आमच्याकडे सहा महिन्यांनी खरेदीची यादी निघाली की नवी मुलं-मुली माझ्या टेबलाशी येतात. "ताई, फायकॉल कुठलं लिहू? स्वस्तातलं चालेल का?" दर वेळी मी हातातलं काम न सोडता दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि महत्त्वाचं नेमकं राहून जातं. फायकॉल म्हणजे रक्तातल्या पेशी त्यांच्या घनतेप्रमाणे वेगळ्या करायचा द्रव; त्याबद्दल एकदा सगळं बैजवार लिहून काढते आहे. आमच्या मुलांना उपयोग होईलच, पण नाशिक, कोल्हापूर, नागपूर, कुठेही कुणी रक्तातल्या पेशींवर काम करत असेल तर त्यांनाही व्हावा.

मी पुण्यातल्या एका संशोधन प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. काम आमवातावर, डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्यावर. रुग्णालयाच्या सांधेविकार ओपीडीतून हिरव्या टोपणाच्या हेपरिनच्या नळ्यांत रक्त येतं. त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, जंतूंच्या आवरणातला एलपीएस नावाचा पदार्थ कणभर घालून त्यांना डिवचायचं, आणि त्या टीएनएफ, आयएल-६ असे दाह पेटवणारे रेणू किती सोडतात ते मोजायचं. चौदा वर्षांत प्रकल्प बदलले, सर बदलले, यंत्रं बदलली. पहिली पायरी तीच राहिली: काचेसारख्या स्वच्छ फायकॉलवर रक्ताचा थर द्यायचा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. ही पायरी बिघडली तर पुढचं महागडं फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशी एकेक करून ओळखणारं यंत्र, तुम्हाला फक्त बिघाडच मोजून देतं.

आधी बाटलीत काय आहे ते. मी शिरोळ तालुक्यातली. आमच्या घरासमोरून उसाच्या गाड्या जायच्या. त्यामुळे फायकॉल म्हणजे मुळात साखर आहे हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार आपलेपणा वाटला होता. सुक्रोजचे, म्हणजे आपल्या चहातल्या साखरेचेच रेणू एपिक्लोरोहायड्रिन नावाच्या रसायनाने एकमेकांना टाचून एक प्रचंड गोळा केलेला असतो, रेणूभार सुमारे ४,००,०००. शंभर मिलीलीटरमध्ये हे फायकॉल ५.७ ग्रॅम, आणि सोबत ९ ग्रॅम सोडियम डायट्रिझोएट. हे डायट्रिझोएट एक्स-रे काढताना शरीरात सोडायच्या औषधांपैकी एक. त्यात आयोडीन असल्यामुळे ते जड. नावातल्या 'पाक'चा आपल्या साखरेच्या पाकाशी काही संबंध नाही, पण पिपेटला तो तसाच लागतो, पाण्यापेक्षा जरा रेंगाळणारा, एकतारीच्या बराच अलीकडचा.

मग साधी साखरच का नाही विरघळवायची? मुलांना मी हे कैरीवरून सांगते. मीठ लावून ठेवलेल्या कैरीला पाणी सुटतं ना, तसंच दाट साखरेच्या पाण्यात पेशीचं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती आक्रसते. रेणू टाचून मोठे केले की त्यांची संख्या कमी होते, आणि पाणी ओढायची ताकद रेणूंच्या संख्येवर असते, वजनावर नाही. त्यामुळे द्रव जड राहतो आणि पेशी सुरक्षित राहते. घनता बरोबर १.०७७ ग्रॅम प्रति मिलीलीटर. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी याच्यापेक्षा हलक्या म्हणून वर तरंगतात. लाल पेशी आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जड म्हणून तळ गाठतात. हा मेळ जमवला नॉर्वेच्या आर्ने ब्यॉयुम यांनी, १९६८ साली. त्यांनी फायकॉलसोबत तिथलं एक्स-रेचं औषध आयसोपाक वापरलं होतं. पुढे स्वीडनमधल्या उप्सालाच्या फार्मासिया कंपनीने तयार मिश्रण बाटलीत भरलं. आज ती बाटली सायटिव्हा या नावाने येते. कंपनीचं नाव बदलत गेलं, आकडा १.०७७ राहिला.

एक गोष्ट पुस्तकात ओझरती येते, पण मला ती सर्वांत सुंदर वाटते. फायकॉल नुसतं जड असल्याने काम करत नाही. लाल पेशी त्याला टेकल्या की तो त्यांचे गुच्छ करतो आणि गुच्छ झपाट्याने खाली बसतात. आता ईएसआर आठवा, लाल पेशी नळीत किती लवकर खाली बसतात ते पाहणारी तपासणी. दाह असलेल्या माणसाच्या रक्तात यकृताने फायब्रिनोजेन जास्त सोडलेलं असतं, त्यामुळे लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर चढतात आणि नळीत लवकर बसतात. स्वीडनच्या रॉबिन फॉरेयस यांनी १९२१ च्या प्रबंधात हे सविस्तर मांडलं, आणि पुढे तेही उप्सालालाच प्राध्यापक झाले. म्हणजे तालुक्याच्या लॅबमध्ये जे तपासतात आणि आमच्या टेबलावर जे घडतं, त्यामागे रक्ताची एकच खोड आहे. आमवाताच्या रुग्णाची नळी स्टँडमध्ये नुसती ठेवली तरी दहा मिनिटांत वर पिवळा पट्टा दिसायला लागतो. शेजारी निरोगी माणसाची नळी तशीच लालभडक उभी असते. अहवाल यायच्या आधी डोळ्यांना दिसतं.

आता हाताचं काम. रक्तात तेवढंच पीबीएस, म्हणजे पेशींना मानवणारं खारं पाणी, मिसळायचं. पंधरा मिलीच्या नळीत ३ मिली फायकॉल, त्यावर ४ मिली पातळ केलेलं रक्त. नळी तिरकी धरायची, पिपेटचं टोक फायकॉलच्या जरा वर काचेला टेकवायचं, आणि रक्त असं सोडायचं की ते दोऱ्यासारखं घरंगळत येऊन फायकॉलवर पसरेल. पहिला थेंब महत्त्वाचा. तो आत बुडाला तर लाल धूर उठल्यासारखं दिसतं, तो पसरला तर एक लाल पापुद्रा तयार होतो आणि मग त्या पापुद्र्यावर तुम्ही थोडं धीटपणे ओतू शकता. नवीन मुलांचा अंगठा इथे थरथरतो. हात बसायला माझ्या अनुभवाने वीस-पंचवीस नळ्या लागतात. रक्त आधी घेऊन लांब सुईने फायकॉल खालून सोडायचीही पद्धत आहे; ज्यांना वरून जमत नाही त्यांनी खुशाल ती करावी, त्यात कमीपणा काही नाही.

मग ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोर), ३० मिनिटं, आणि सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद. नळी बाहेर काढली की वर गवती रंगाचा प्लाझ्मा, त्याखाली दुधावर नुकती धरू लागलेल्या सायीसारखं पांढरं कडं, त्याखाली फायकॉलचा नितळ भाग, आणि तळाला लाल गठ्ठा. गठ्ठ्याच्या माथ्यावर नीट पाहिलं तर आणखी एक मळकट पांढरी रेघ असते, ती न्यूट्रोफिलांची. वरचं कडं म्हणजे पीबीएमसी, रक्तातल्या मोनोन्यूक्लिअर (एकसंध केंद्रकाच्या) पेशी: लिम्फोसाइट आणि मोनोसाइट. पिपेट गोल फिरवत ते ओढून घ्यायचं. निरोगी माणसाच्या १ मिली रक्तातून दहा ते वीस लाख पेशी मिळतात. चांगल्या दिवशी ट्रिपॅन ब्लू घालून पाहिलं तर निळी, म्हणजे मेलेली पेशी शोधावी लागते.

ब्रेकबद्दल वेगळं सांगायला हवं. तिसऱ्या वर्षी माझ्याकडून तो चालू राहिला. यंत्र झटक्यात थांबलं, थर एकमेकांत घुसळले, आणि नळीत गढूळ गुलाबी पाणी उरलं. ते रक्त कराडहून पहाटेच्या एसटीने येणाऱ्या एका काकूंचं होतं. नळीवर नाव नसतं, क्रमांक असतो, पण त्या दिवशी रक्त घेताना मी सिस्टरांसोबत उभी होते. काकूंच्या बोटांची पेरं सुजलेली, मूठ मिटत नव्हती, संमतीपत्रावर सही करायला त्यांनी पेन दोन बोटांच्या बेचक्यात धरलं होतं. "एवढं रक्त कशाला गं?" असं त्यांनी विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, "काकू, वीस मिली म्हणजे चार चमचे. त्यातल्या पेशी बघायच्यात, तुमच्या सांध्यांवर त्या का उठल्यात ते." महिन्याने त्या परत आल्या तेव्हा मी जाऊन खरं सांगितलं, की मागचं रक्त माझ्या चुकीने वाया गेलं. त्या म्हणाल्या, "मग घे की परत," आणि हात पुढे केला. त्या दिवसापासून आमच्या सेंट्रिफ्यूजच्या झाकणावर मराठीत मोठ्या अक्षरांत 'ब्रेक शून्य' लिहिलेलं आहे. फायकॉलच्या किमतीचा विचार करताना हेही धरा. नळीतली महाग वस्तू फायकॉल कधीच नसते.

तापमानाचं तेच. हे द्रव २० अंशांना १.०७७ असं बेतलेलं आहे. फ्रिजमधून काढून लगेच वापरलं तर ते जास्त दाट असतं, खाली जायला हव्या त्या जड पेशीही वर अडकतात. उलट पुण्यात एप्रिल-मेमध्ये वीज गेली, एसी बंद पडला आणि खोली ३२ अंशांवर गेली की ते पातळ होतं आणि हव्या असलेल्या पेशी खाली निसटतात. मी सकाळी आल्या आल्या बाटली बाहेर काढते, शेजारी साधा थर्मामीटर ठेवते. तो १८ ते २२ च्या मधे असेल तरच नळी भरायची. उन्हाळ्यात रुग्णांची वेळ आम्ही सकाळची ठेवतो त्यामागे हेही एक कारण आहे.

उजेडही चालत नाही. बाटलीला फॉइल गुंडाळून ठेवा. एकदा एका पुरवठादाराने खोका मे महिन्यात दोन दिवस दाराशी उन्हात ठेवला. उघडलं तर बाटल्यांना पिवळसर झाक आलेली. मी त्या घेतल्या नाहीत. फोनवर बराच वाद झाला, "मॅडम, थोडा रंग आला म्हणून काय होतं?" असं ऐकून घेतलं, पण परत पाठवल्या. रंग आलेलं फायकॉल वापरू नका, मग ते कुणीही कितीही सवलतीत देवो.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते.

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या काही रुग्णांच्या नळ्यांत कडं घाणेरडं यायला लागलं. नेहमीची पातळ साय नाही; जाडसर, कणीदार, खालच्या बाजूला धूसर. पेशी मोजल्या तर संख्या भरपूर, पण सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोसाइटच्या गुळगुळीत गोट्यांमध्ये खडबडीत, दाणेदार पेशी पसरलेल्या. मी खापर बाटलीवर फोडलं. लॉट बदलला. तेच. दुसऱ्या कंपनीचं हिस्टोपाक-१०७७ आणून पाहिलं, तेच. तापमान, ब्रेक, पातळ करायचं प्रमाण, सगळं तपासलं. तेव्हाचा आमचा एक विद्यार्थी मनापासून सुचवत होता की नमुनाच बाद करू, 'खराब विभाजन' म्हणून वहीत नोंद करू. तशा चार-पाच नोंदी झाल्याही, त्याची मला अजून हळहळ वाटते.

मग एका सकाळी मी एक साधी गोष्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. रुग्णाच्या नळीशेजारी निरोगी माणसाचं रक्त, तीच बाटली, तोच फेरा. निरोगी नळीत स्वच्छ कडं, रुग्णाच्या नळीत मळकट. म्हणजे बाटली निर्दोष. कड्यातला एक थेंब स्लाइडवर ओढला, लिशमन रंगाने डागला. तीन-तीन, चार-चार पाकळ्यांचं केंद्रक असलेल्या पेशी समोर आल्या. न्यूट्रोफिल. तळाला जायला हवेत ते वर बसलेले. मागाहून फ्लो सायटोमीटरवर सीडी१५ आणि सीडी६६बी या न्यूट्रोफिलांच्या खुणा लावून खात्री केली.

मी स्लाइड घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी कपाटातून एक जुना शोधनिबंध काढून दिला, हॅकबार्थ आणि काजदाक्सी-बल्ला यांचा, १९८६ चा. ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा आजार), आमवात आणि तीव्र रुमॅटिक तापाच्या रुग्णांमध्ये कमी घनतेचे न्यूट्रोफिल असतात आणि ते मोनोन्यूक्लिअर पेशींच्या थरात सापडतात, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. मी खुर्चीत बसून तो दोनदा वाचला. आम्ही ज्याला घाण म्हणत होतो तो आजारच होता, नळीत उभा राहून दिसत होता.

पुढे वाचत गेले तशी गोष्ट मोठी होत गेली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या एका गटाने ल्युपस झालेल्या मुलांच्या पीबीएमसीमधली जनुकं कोणती चालू आहेत ते पाहिलं. इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीच्या रेणूची खूण तर दिसलीच, पण न्यूट्रोफिल घडताना चालू होणारी जनुकंही दिसली, कारण अर्धवट वाढलेले न्यूट्रोफिल त्या थरात बसले होते. २००४ मध्ये बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतून न्यूट्रोफिलांच्या जाळ्यांचा शोध आला: न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जंतू पकडतो. पुढे ल्युपसमध्ये हे कमी घनतेचे न्यूट्रोफिल अशी जाळी विशेष सहज फेकतात आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात असं दिसलं. आमवातात या जाळ्यांचं आणखी एक प्रकरण आहे. त्यांच्यावर सिट्रुलिन झालेली प्रथिनं (ज्यांतल्या अर्जिनिनचं सिट्रुलिन झालं आहे अशी) असतात, आणि आमवाताच्या निदानासाठी आपण जी अँटी-सीसीपी चाचणी करतो ती सिट्रुलिन झालेल्या प्रथिनांविरुद्धच्याच प्रतिपिंडांची.

म्हणून फायकॉलबद्दलचं माझं खरं मत असं आहे: ते अतिशय प्रामाणिक वस्तू आहे, पण ते घनता सांगतं, पेशीचं नाव सांगत नाही. निरोगी रक्तात घनता आणि नाव जुळतात. दाहाच्या आजारात ती जुळणी सुटते. हे ध्यानात न ठेवता तुम्ही त्या थराला 'पीबीएमसी' म्हणत पुढे गेलात तर आकडे फसवतात. न्यूट्रोफिलांमधलं अर्जिनेज नावाचं विकर टी-पेशींना, म्हणजे लिम्फोसाइटच्या एका प्रकाराला, दाबतं, त्यामुळे 'रुग्णाच्या टी-पेशी सुस्त आहेत' असा निष्कर्ष निघतो आणि सुस्त त्या नसतातच. प्रति दहा लाख पेशी टीएनएफ किती, हे काढताना भागाकार ज्या संख्येने करता तीच फुगलेली असते.

उलटी चूकही होते, तीही सांगते. नळी नुसती पडून राहिली तरी न्यूट्रोफिल बदलतात आणि वर येतात. मी स्वतःचं रक्त रात्रभर ठेवून सकाळी फिरवून पाहिलं आहे. कडं मळकट आलं. म्हणजे बाहेरगावाहून उशिरा आलेल्या नमुन्यात कमी घनतेचे न्यूट्रोफिल दिसले तर ते आजारामुळे की प्रवासामुळे हे सांगता येत नाही. आमचा नियम: रक्त काढल्यापासून चार तासांच्या आत फायकॉलवर, आणि प्रत्येक रुग्णासोबत तितकाच वेळ ठेवलेली एक निरोगी नळी. ती निरोगी नळी वाचवायची कंजुषी करू नका.

आणि एक मर्यादा पद्धतीचीच आहे. निरोगी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल असतात, आणि या पद्धतीत आपण ते तळाशी सोडून फेकून देतो. गाउटसारख्या आजारात, जिथे युरेटच्या स्फटिकांवर हेच न्यूट्रोफिल धावून जातात, तिथे फक्त वरचं कडं घेऊन बसणं म्हणजे लग्नाला जाऊन नवरानवरी न बघता परत येणं. तो विषय असेल तर तळाचा गठ्ठाही वापरा, लाल पेशी फोडून न्यूट्रोफिल वेगळे करा.

एंडोटॉक्सिनबद्दल, म्हणजे त्याच एलपीएसबद्दल, थोडक्यात. मोनोसाइट एलपीएसला इतके हळवे असतात की नॅनोग्रॅमच्याही खालच्या मात्रेला टीएनएफ सोडू लागतात. फायकॉलमध्येच तो अंश असेल तर न डिवचलेल्या पेशीही पेटलेल्या दिसतात. पेशी वाढवून पुढे काम करायचं असेल तर फायकॉल-पाक प्लस, म्हणजे एंडोटॉक्सिन तपासलेलंच घ्या. नुसता डीएनए काढायचा असेल तर एवढी गरज नाही, तिथे पैसे वाचवा.

हे सगळं एवढं जिवाला का लावून घ्यायचं, असं कुणी विचारलं तर मी टीएनएफचाच इतिहास सांगते. १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हा रेणू कर्करोगाच्या गाठी नष्ट करणारा म्हणून ओळखला गेला, नावही तसंच पडलं, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. लंडनच्या केनेडी संस्थेत मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटाने आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी ताटलीत वाढवल्या. टीएनएफला प्रतिपिंडाने अडवल्यावर आयएल-१ हा दाहाचा दुसरा रेणू देखील खाली आला, आणि १९८९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणजे एक दोरी ओढली की बाकीच्या सैल होतात, हे आधी ताटलीत दिसलं. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या रुग्णांना टीएनएफ अडवणारं प्रतिपिंड औषध म्हणून दिलं गेलं. २००२ च्या अखेरीस अॅडालिमुमॅब या तशाच दुसऱ्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडसने त्याची पहिली समतुल्य आवृत्ती भारतात आणली. आज आमच्या ओपीडीत लोक पोटाला ते इंजेक्शन टोचून घेऊन स्वतःच्या पायांनी जिना उतरतात. त्याची सुरुवात ताटलीतल्या पेशी नीट वेगळ्या करून, नीट मोजण्यातून झाली. टेबलावरचं काम क्षुल्लक नाही.

आता तुलना, कारण यादीसाठी तीच हवी असते.

सिग्माचं हिस्टोपाक-१०७७ आणि मुंबईच्या हायमीडियाचं हायसेप एलएसएम १०७७, दोन्ही मी महिनोन्‌महिने वापरली आहेत. निरोगी रक्तात फायकॉल-पाकशी तुलना केली तर जो फरक पडतो तो माझा हात आणि दुसऱ्याचा हात यातल्या फरकाहून मोठा नाही. पदव्युत्तर वर्गाच्या प्रात्यक्षिकाला आणि पद्धत शिकायला मी हायसेपच लिहून देते. जवळून येतं, वाटेत कमी दिवस राहतं. प्रकल्प मात्र ज्या बाटलीवर सुरू केला त्याच बाटलीवर संपवा. मधेच बदलली तर निदान पाच नमुने दोन्हींवर समांतर चालवून वहीत नोंदवा.

सेपमेटच्या नळ्या वेगळ्याच. आत भोक असलेली एक पट्टी असते, तिच्याखाली फायकॉल राहतं, रक्त वरून सरळ ओतता येतं, १० मिनिटांत काम होतं आणि ब्रेकही चालू ठेवता येतो. ज्या दिवशी बारा रुग्ण येतात त्या दिवशी मी त्या मागते. पण थर डोळ्यांनी वाचायचं सुख त्यात कमी होतं. शेवटी वरचं सगळं एकदम ओतून घ्यायचं, त्यामुळे कडं जाड आहे की पातळ हे नीट पाहिलं जात नाही. आमच्या कामात तेच पाहायचं असतं. शिवाय दर नळीमागे खर्च आहे. सीपीटी नळ्यांमध्ये रक्त थेट काढता येतं, फायकॉल आणि जेल आतच असतं. दूरच्या केंद्रावरून नमुने आणायचे असतील आणि तिथे सेंट्रिफ्यूज असेल तर त्या उत्तम, रोजच्या वापराला मला परवडत नाहीत.

गुण द्यायचे तर फायकॉल-पाक प्लसला मी पाचपैकी साडेचार देते. चौदा वर्षांत वेगवेगळे लॉट आले. योग्य तापमानाला, अंधारात ठेवलेल्या बाटलीने मला एकदाही दगा दिला नाही; जेव्हा जेव्हा तक्रार घेऊन गेले तेव्हा दोष ब्रेकमध्ये, उन्हात, उशिरात किंवा माझ्या समजुतीत निघाला. अर्धा गुण किमतीसाठी आणि आयातीला लागणाऱ्या आठवड्यांसाठी कापला आहे.

तर यादीत असं लिहा: फायकॉल-पाक प्लस, १०० मिलीच्या सहा बाटल्यांचा खोका. ५०० मिलीची मोठी बाटली नको, ती उघडून संपेपर्यंत फार हात लागतात. मुदत निदान वर्षभर पुढची असावी, हे मागणीपत्रात लेखी घाला. बाटली आली की फॉइल गुंडाळा, रबरी बुचातून निर्जंतुक सुईने लागेल तेवढंच काढा, टोपणावर उघडल्याची तारीख टाका. वहीत पेशींच्या संख्येशेजारी 'कड्याचं रूप' असा मी एक रकाना आखून ठेवला आहे, तो रिकामा सोडू नका. पातळ, जाड, कणीदार, धूसर, जे दिसेल ते साध्या मराठीत लिहा. आणि प्रत्येक नमुन्याची एक स्लाइड ओढून वाळवून माझ्या टेबलावर ठेवा. डागायचं मी दुपारी बघते.